आधी एक मोटर टेबलावर आवळा

प्रश्न : आम्ही तिघं इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रबंधासाठी ‘कंट्रोलमधलं काहीतरी हार्डवेअरवर करून दाखवा’ एवढंच गाइडनी सांगितलंय. दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो बनवायचा आणि पीआयडीपेक्षा (चूक, तिची बेरीज म्हणजे इंटिग्रल आणि तिचा बदल म्हणजे डेरिव्हेटिव्ह यांवर चालणारा नेहमीचा कंट्रोलर) फझी कंट्रोलर (‘थोडं’, ‘जास्त’ अशा नियमांवर चालणारा) चांगला असतो हे दाखवायचं, असं आमच्या डोक्यात आहे. हाताशी फक्त एक अर्डुइनो ऊनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आहे. तो पुरेल, की एसटीएम३२ (त्याहून ताकदवान मायक्रोकंट्रोलर) घ्यावा, की पीएलसी (कारखान्यांत वापरतात तो कंट्रोलर)? आधी सिम्युलेशन करायचं की थेट जोडणीला लागायचं? आठ महिन्यांतला एक तर चर्चेतच गेला.
– तोल गेलेली

उत्तर : बोर्डाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी मिळतं. असे प्रकल्प बोर्डामुळे क्वचितच अडतात. अडतात ते नियंत्रण नेमकं कशाचं करायचं हे न ठरल्यामुळे. म्हणून आज एका कागदावर चार गोष्टी लिहा. काय मोजायचं आहे, कोणत्या एककात, किती बारकाईनं? काय चालवायचं आहे आणि त्याला जास्तीत जास्त किती करंट लागेल? ती वस्तू स्वतःहून किती वेगानं बदलते, मिलिसेकंदांत की मिनिटांत? आणि प्रोग्रॅम मध्येच अडकला तर काय होईल? ही चार उत्तरं आली की बोर्ड आपोआप ठरतो.

आता रोबोबद्दल. तो दिसायला छान, पण पहिला प्लांट (ज्याचं नियंत्रण करायचं ती वस्तू) म्हणून वाईट. कारण तो मुळातच अस्थिर आहे. कंट्रोलर बंद ठेवून त्याला एक स्टेप (इनपुटमध्ये एकदम बदल) द्यावी आणि काय होतं ते नोंदवावं, ही सगळ्यात उपयोगी चाचणी तुम्हाला करताच येत नाही, तो पडतो. आणि पडला की दोष कुणाचा ते कळत नाही. कलाचा कोन चुकला, फिल्टर उशिरा उत्तर देतोय, गिअरमधली ढिलाई, बॅटरी उतरली की गेन (कंट्रोलरचे गुणक) चुकले? पाच संशयित आणि साक्षीदार एकही नाही. स्वस्त गिअर मोटरमधली ढिलाई एकटीच रोबोला जागच्या जागी थरथरत ठेवू शकते, आणि विद्यार्थी तीन आठवडे गेन बदलत बसतात.

त्याऐवजी एकच मोटर टेबलावर क्लॅम्पनं आवळा आणि तिच्या वेगाचं नियंत्रण करा. रोबोच्या आत हा लूप (मोजा, हव्या वेगाशी ताडा, सुधारा हे चक्र) तुम्हाला लागणारच आहे, त्यामुळे काम वाया जात नाही. चार महिन्यांत तो नीट चालला तर रोबो शेवटचं प्रकरण होईल. नाही चालला तरी प्रबंध उभा राहील.

‘इतका साधा विषय गाइडना चालेल का?’ असं तुमच्या मनात आलं असणार. मोटरचा वेग नियंत्रित करणं हा विषय साधा आहे, त्यात मोजता येणारा प्रश्न घातला की तो साधा राहत नाही. उदाहरणार्थ : ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट) आणि घर्षण यांचा डेडबँड (मोटर हलतच नाही तो सुरुवातीचा पट्टा) भरून काढला तर कमी वेगावरची चूक किती घटते? किंवा, एन्कोडरचं (शाफ्टचं फिरणं मोजणारा सेन्सर) रिझोल्यूशन तेच ठेवून सॅम्पलिंगचा काळ (दोन मोजण्यांमधलं अंतर) बदलला तर सर्वांत चांगला काळ कोणता, आणि का? शीर्षकात ‘डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन’ असेल तर परीक्षक ‘मग काय सापडलं?’ असं विचारतो. शीर्षकातच प्रश्न असेल तर त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं.

पीएलसी घ्यायचा तो प्लांट संथ असेल तर. टाकीतली पातळी, हीटरचं तापमान. पीएलसीचा स्कॅन काही मिलिसेकंदांचा असतो. मिनिटांत बदलणाऱ्या तापमानाला तो भरपूर आहे, मोटरच्या एन्कोडरला मात्र वेगळं हाय-स्पीड काउंटर इनपुट लागतं. तापमानाची एक अडचण आधीच सांगतो : एक प्रयोग २०-३० मिनिटं चालतो आणि मग थंड व्हायला तेवढाच वेळ थांबावं लागतं. मोटरचे दहा प्रयोग चहा निवायच्या आत होतात. तुमच्याकडे सात महिने उरलेत, म्हणून आमचं मत मोटरच्या बाजूनं.

ऊनो पुरेल का? एका मोटरला पुरेल. १६ मेगाहर्ट्‌झचा आठ-बिट चिप आहे, दशांशाची गणितं तो सॉफ्टवेअरनं करतो, तरी १० मिलिसेकंदांच्या लूपमध्ये एक पीआय (डेरिव्हेटिव्ह नसलेला पीआयडी) सहज बसतो. अडचण दुसऱ्या चाकाला येते. त्याच्या बाह्य इंटरप्टच्या (चालू काम थांबवून लगेच लक्ष वेधणाऱ्या) पिना दोनच, २ आणि ३. एका एन्कोडरचे दोन्ही चॅनेल त्यातच संपतात. पुढे रोबोकडे जायचं असेल तर आत्ताच एसटीएम३२एफ४ मालिकेतला बोर्ड घ्या. त्यातले टायमर एन्कोडर स्वतः मोजतात, प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही, आणि दशांशांसाठी वेगळं हार्डवेअर आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती शिकण्याच्या वेळात. तिघांपैकी एकानं दोन आठवडे त्यालाच द्यावेत. एक खबरदारी : त्याचं लॉजिक ३.३ व्होल्टचं आहे. ५ व्होल्टचा एन्कोडर जोडताना ती पिन ५ व्होल्ट सोसते का हे डेटाशीटमध्ये बघा, नाहीतर दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लावा.

आता सामान. १२ व्होल्टची गिअर आणि एन्कोडर असलेली डीसी मोटर, एकाच मॉडेलच्या दोन (दुसरी कशाला ते पुढे येतंच). मॉसफेट ट्रान्झिस्टरांचा एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवू शकणारा) ड्रायव्हर, दोन नग, कारण एक जळेलच. करंट मर्यादा लावता येणारा बेंच पॉवर सप्लाय; हा विकत घेऊ नका, लॅबमधला मागून घ्या. ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर, अगदी त्याच्या टर्मिनलांपाशी. मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक : एक दोन टोकांमध्ये, उरलेले प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या कवचाला. ब्रशांची ठिणगी एन्कोडरच्या वायरीत शिरते ती इथेच अडते. मोटरला ब्रेडबोर्डवरून करंट देऊ नका. त्यासाठी स्क्रू टर्मिनल वापरा किंवा सोल्डर करा. शक्य असेल तर आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर घ्या, तो ऑसिलोस्कोपपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडेल.

ड्रायव्हर निवडताना मोटरचा नेहमीचा करंट बघू नका, अडल्यावरचा बघा. तो मोजायची पद्धत : सप्लायची करंट मर्यादा १ अँपिअरवर ठेवा, शाफ्ट पक्कडीनं धरून ठेवा, काही क्षणांसाठी मोटरला थेट जोडा आणि मोटरच्या टोकांवरचं व्होल्टेज वाचा. ४ व्होल्ट आलं तर रोध ४ ओहम, म्हणजे १२ व्होल्टवर अडलेली मोटर ३ अँपिअर ओढणार. शाफ्ट थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण ब्रश कुठे टेकलेत त्याप्रमाणे आकडा बदलतो.

सगळीकडे दिसणारा एल२९८एन मॉड्यूल इथे नको. तो जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरांचा आहे; १ अँपिअरला साधारण २ व्होल्ट त्याच्या आतच खर्च होतात, उष्णता म्हणून. आणि हा तोटा करंटप्रमाणे बदलतो, त्यामुळे तुमच्या मॉडेलमध्ये तो नीट बसत नाही. टीबी६६१२ चांगला आहे, पण तो सतत १.२ अँपिअरचा, ३ अँपिअर ओढणाऱ्या मोटरला तो अपुरा. मोठे आकडे छापलेले मॉड्यूल घेताना एवढं लक्षात ठेवा की आकडा चिपचा असतो, मॉड्यूलवरच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा नसतो.

पहिल्यांदा वीज देताना हा क्रम पाळा. ड्रायव्हरच्या इनेबल पिनेवर १० किलोओहमचा पुल-डाउन (पिन शून्याला धरून ठेवणारा रेझिस्टर) लावा, कारण बोर्ड रीसेट होताना त्याच्या पिना अधांतरी असतात आणि मोटर अचानक फिरू शकते. इमर्जन्सी स्विच मोटरच्या पुरवठ्यात टाका, बोर्डाच्या नाही. मोटर थांबली तरी बोर्ड जिवंत राहिला पाहिजे, म्हणजे शेवटच्या क्षणी काय झालं याची नोंद हातात राहते. मोटरच्या करंटची परतीची वायर थेट सप्लायला न्या. बोर्डाचं ग्राउंड ड्रायव्हरच्या ग्राउंड टर्मिनलला एकाच जागी जोडा, मोटरचा करंट बोर्डातून वाहू देऊ नका. मग आधी मोटर न जोडता ड्रायव्हरचं आउटपुट मल्टिमीटरनं तपासा. नंतर मोटर जोडा, १ अँपिअरची मर्यादा ठेवून. एन्कोडर हातानं फिरवून दिशा बघा : धन ड्यूटी (प्रत्येक फेऱ्यात मोटरला किती टक्के वेळ वीज मिळते ती) दिल्यावर आकडा वाढलाच पाहिजे. हे उलटं असेल तर लूप जोडताच, म्हणजे मोजलेला वेग कंट्रोलरला देताच, मोटर पूर्ण वेगानं पळते, आणि दोष बिचाऱ्या गेनला दिला जातो.

यानंतरचा महिना लूप जोडायचाच नाही, मोटर नुसती चालवून मोजायची. ड्यूटी ० ते १०० टक्के, ५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी वर न्या, मग खाली आणा, प्रत्येक पायरीवर वेग नोंदवा. समजा १८-२० टक्क्यांपर्यंत मोटर हललीच नाही, ४० टक्क्यांना ९० आरपीएम आणि ८० टक्क्यांना २५० आले. म्हणजे मधल्या भागाचा उतार दर टक्क्याला ४ आरपीएम, आणि ती रेघ मागे वाढवली तर १७.५ टक्क्यांवर शून्याला लागते. हा तुमचा डेडबँड. खाली येताना मोटर त्याहून कमी ड्यूटीला थांबते, कारण सुटतानाचं घर्षण चालतानाच्या घर्षणापेक्षा जास्त. हा एक आलेख प्रबंधातला अर्धा अध्याय आहे, त्यावर घाई करू नका.

हा आलेख वाकडातिकडा आला तर पीडब्ल्यूएमची (ड्यूटी देणाऱ्या चालू-बंद फेऱ्यांची) फ्रिक्वेन्सी बघा. ऊनोवर ती बहुतेक पिनांना ४९० हर्ट्‌झ असते, म्हणजे सुमारे २ मिलिसेकंदांचा एक फेरा. मोटरचं इंडक्टन्स २ मिलिहेन्री आणि रोध ४ ओहम असेल तर करंट अर्ध्या मिलिसेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटनं (बदलाचे ६३.२ टक्के व्हायला लागणारा वेळ) उतरतो. प्रत्येक फेऱ्यात तो चढतो, शून्याला टेकतो, पुन्हा चढतो. त्यामुळे कमी ड्यूटीला टॉर्क ड्यूटीच्या प्रमाणात राहत नाही, आणि वर कर्कश शिट्टी. २० किलोहर्ट्‌झ ठेवा. ऊनोत टायमर १ थेट घड्याळावर चालवून कमाल मोजणी ७९९ ठेवली की पिन ९ आणि १० वर बरोबर २० किलोहर्ट्‌झ मिळतात.

मग स्टेप. शून्यापासून नको, नाहीतर सुटतानाचं घर्षण त्यात मिसळतं. ४० वरून ६० टक्के द्या. वेग ९० वरून १७० ला गेला, तर ८० च्या वाढीचे ६३.२ टक्के म्हणजे साधारण १४१ आरपीएम गाठायला लागलेला वेळ हा टाइम कॉन्स्टंट. समजा ८० मिलिसेकंद आला. दहा वेळा करा, सरासरी आणि फरक दोन्ही लिहा.

आता वेग मोजण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकी इथे फुटतात. मोटरच्या शाफ्टवर ११ पल्सचा एन्कोडर, दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा मोजल्या तर ४४, गिअर ३०:१, म्हणजे बाहेरच्या एका फेऱ्याला १३२० काउंट. १० मिलिसेकंदांत एक काउंट कमी-जास्त झाला तर वेगात ४.५ आरपीएमचा फरक दिसतो. १ मिलिसेकंदाचा लूप केलात तर तोच फरक ४५ आरपीएम! चाक ६० आरपीएमनं शांतपणे फिरत असताना तुमचा आलेख ४५ आणि ९१ यांच्यात उड्या मारेल. ‘वेगवान लूप चांगला’ हे ऐकून लोक काळ कमी करतात आणि मग या उड्या गाळायला फिल्टर लावतात, म्हणजे मिळवलेला वेळ फिल्टरला परत देतात. ८० मिलिसेकंदांच्या प्लांटला १० मिलिसेकंद ठीक आहेत. फार कमी वेगावर काम असेल तर काउंट मोजण्याऐवजी दोन कडांमधला वेळ मोजा. ऊनोवरचं मायक्रोसेकंदाचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीनं चालतं, तेवढं पुरतं.

याच जागी आणखी एक छुपा दोष. ऊनो आठ-बिट आहे, तुमचा काउंटर ३२ बिटांचा. तो वाचताना चार तुकड्यांत वाचला जातो आणि मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो. लक्षण : सगळं सुरळीत असताना मधूनच एकदा २५६ काउंटची उडी. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा, प्रत काढा, लगेच चालू करा.

लूपची वेळ डिले देऊन साधू नका. टायमर इंटरप्ट वापरा, किंवा मागच्या फेऱ्यापासून किती वेळ झाला ते तपासा. एक मोकळी पिन लूपच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली करा आणि लॉजिक ॲनालायझरवर बघा. काळ आणि त्यातली थरथर लगेच दिसते. हमखास सापडणारा गुन्हेगार म्हणजे सीरियल प्रिंट. ९६०० बॉडला २० अक्षरांची ओळ जायला जवळजवळ २१ मिलिसेकंद लागतात, आणि तुमचा लूप १० चा. पाठवायचा बफर भरेपर्यंत सगळं ठीक दिसतं, मग लूप गुपचूप दुप्पट संथ होतो. ११५२०० वर तीच ओळ १.७ मिलिसेकंदांत जाते.

एवढं झालं की पीआयचे गेन अंदाजानं शोधावे लागत नाहीत. प्रपोर्शनल गेन = प्लांटचा टाइम कॉन्स्टंट ÷ (प्लांटचा गेन × हवा असलेला क्लोज्ड-लूप टाइम कॉन्स्टंट). प्लांटचा गेन म्हणजे वरचा उतार, ४. क्लोज्ड-लूप म्हणजे लूप जोडल्यावरचा. सुरुवातीला दोन्ही टाइम कॉन्स्टंट ८० मिलिसेकंदच धरा : ०.०८ ÷ (४ × ०.०८), म्हणजे दर आरपीएम चुकीला ०.२५ टक्के ड्यूटी. इंटिग्रल गेन त्याला ०.०८ नं भागून, साधारण ३.१, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी चुकीच्या ०.०३१ पट बेरीज. डेडबँडचे १७.५ टक्के दिशेप्रमाणे वेगळे मिळवा. डेरिव्हेटिव्ह इथे लागत नाही. काउंटच्या उड्यांना तो फक्त मोठं करेल. १९४२ च्या झीगलर-निकोल्स पद्धतीचा मोह होईल, कारण अभ्यासक्रमात तीच असते, पण तिचे गेन मुद्दाम आक्रमक असतात आणि बरंच ओव्हरशूट देतात, म्हणजे वेग हव्या आकड्याच्या पुढे उडतो. ती प्रबंधात तुलनेसाठी ठेवा.

इंटिग्रलला लगाम घालायला विसरू नका. हवा वेग १०० आरपीएम, आणि चाक ५ सेकंद अडवून ठेवलंत, तर वरच्या गेननं बेरीज १५०० टक्क्यांच्या पुढे जाते. चाक सोडल्यावर ते पूर्ण वेगानं सुटतं आणि साधारण २ सेकंद तसंच राहतं, बेरीज उतरेपर्यंत. आउटपुट मर्यादेला टेकलेलं असेल आणि चूक त्याच दिशेची असेल तर बेरीज थांबवा, एवढी एक अट पुरते.

दुसऱ्या मोटरचा उपयोग आता. तिचा शाफ्ट पहिलीला कपलिंगनं जोडा. तिला वीज द्यायची नाही, ती जनरेटर म्हणून फिरेल. तिच्या टोकांवर मॉसफेटमधून १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर जोडला की भार पडतो, तोडला की सुटतो, आणि दर वेळी नेमका तेवढाच. बोटानं चाक दाबून काढलेले डिस्टर्बन्सचे आलेख कोणताही जाणकार परीक्षक मान्य करणार नाही. एकच पथ्य : जनरेटर जोडल्यावर जडत्व आणि घर्षण दोन्ही वाढतात, म्हणून ड्यूटीचा आलेख आणि स्टेप पुन्हा काढा.

आता तुमचा लाडका फझी. ‘पीआयडीपेक्षा फझी सरस’ हे ढीगभर प्रबंधांत सिद्ध झालेलं असतं, कारण त्यातला पीआयडी कुणी नीट लावलेलाच नसतो. तुलना करायचीच असेल तर दोघांना सारखं सॅम्पलिंग, सारखी ड्यूटीची मर्यादा, सारखं डेडबँड-भरण द्या, आणि गेन लावायला सारखाच वेळ द्या. चूक आणि चुकीतला बदल एवढेच इनपुट घेऊन थेट ड्यूटी देणारा सात बाय सातच्या ४९ नियमांचा फझी हा वळणदार पीडी (इंटिग्रल नसलेला पीआयडी) आहे. त्यात इंटिग्रल नसेल तर भार आल्यावर वेग थोडा खालीच राहणार. मोजायचं काय तेही आधी ठरवा : निरपेक्ष चुकीची बेरीज, ओव्हरशूट, २ टक्क्यांत स्थिरावण्याचा वेळ, आणि ड्यूटी एकूण किती हलली. प्रत्येकी दहा प्रयोग, आलटून पालटून. आधी सगळे पीआयचे आणि मग सगळे फझीचे असं नको, कारण मोटर तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, ३० अंशांना १२ टक्के, आणि तेवढ्यानं निकाल फिरू शकतो. फझी हरला तरी काही बिघडत नाही. का हरला हे आकड्यांनी सांगता आलं तर प्रबंध जास्त चांगला होतो.

सिम्युलेशन आधी की नंतर? मध्ये. ओपन-लूपचे (लूप न जोडता मोजलेले) आकडे हातात आल्यावर. त्यात ड्यूटीची मर्यादा, डेडबँड, काउंटची पायरी आणि एका सॅम्पलचा उशीर या चार गोष्टी घाला. मग मोजलेली स्टेप आणि सिम्युलेशनची स्टेप एकाच आलेखावर काढा. पुस्तकातला स्वच्छ ट्रान्सफर फंक्शन (प्लांटचं गणिती सूत्र) घेऊन महिनाभर काढलेले सुंदर आलेख हार्डवेअर पहिल्याच दिवशी खोटे पाडतं.

कामाची वाटणी : एक जण पॉवर आणि जोडणी, एक जण फर्मवेअर आणि वेळ, एक जण डेटा आणि लेखन. लिहिणाऱ्यानं आजपासूनच लिहावं. जोडणीचा प्रत्येक बदल फोटोसह, आणि डेटाच्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, सॅम्पलिंगचा काळ, गेन आणि पुरवठ्याचं व्होल्टेज. चार महिन्यांनी ‘टेस्ट फायनल नवीन २’ मधलं काहीच आठवत नाही.

गाइडना पुढच्या भेटीत रोबोचं चित्र दाखवू नका. सुरुवातीला सांगितलेला चार उत्तरांचा कागद, मोटरचा मोजलेला रोध, आणि शीर्षकात घालायचा एक प्रश्न घेऊन जा. रोबोचं विचारलं तर तो सहाव्या महिन्यात ठरेल असं सांगा.